मागच्या गेटची किल्ली

पुणे,
१४ जुलै २०२५

पूज्य काकासा,
सविनय जय जिनेंद्र.

तुमच्या श्रेयांसने सांगितलं, की यंदाच्या चातुर्मासात तुम्ही साध्वी महासतीजींकडून नियम घेतलात. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मोबाइलला हात लावायचा नाही, वाहनात बसायचं नाही आणि शिंदखेड्याची वेस ओलांडायची नाही. तुमचा मोबाइल म्हणे दुकानात गल्ल्याजवळ पडलेला असतो, कारण गिऱ्हाइकांचे पैसे त्यावर येतात. पण तो बघतो श्रेयांसच. बाबा गेल्यापासून दर रविवारी तुमच्याशी बोलायची मला सवय. मी श्रेयांसला म्हटलं, तू फोन धर, मी बोलतो, ते नुसते ऐकतील. तर तुमचा निरोप आला, ‘ही पळवाट झाली. बोलायचं असेल तर कागदावर लिही.’ म्हणून हा कागद. अक्षराला हसू नका.

बातमी अशी, की तुमचा पुतण्या राजकारणात पडला. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो. काकीसांना वाटेल मोठं पद आहे. पद कसलं, लिफ्ट बंद पडली की लोक ज्याला शिव्या देतात तो मी.

पण खरं सांगू? या शहराचं राजकारण कुठे चालतं असं कुणी विचारलं, तर लोक महापालिकेकडे बोट दाखवतील. मला वाटतं ते आमच्या पार्किंगमध्ये चालतं. शेकडो कुटुंबं एका भिंतीच्या आत राहतात आणि कुणी कुणाच्या घरी जात नाही. मी मतं मागायला गेलो तेव्हा प्रत्येकाने आधी सांगितलं, ‘आम्हाला राजकारणात रस नाही.’ आणि मग लगेच, ‘तेवढी माझी गाडी लावायची जागा बघा.’ मी सगळ्यांना हो म्हणालो आणि निवडून आलो. आता ज्यांना हो म्हणालो ते सगळे एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

महापालिकेची निवडणूक येऊ घातली आहे. एक इच्छुक उमेदवार आत्तापासून आमच्याकडे फेऱ्या मारतो, ज्याचा वाढदिवस असेल त्याला केक पाठवतो. परवा त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, ‘तुमच्यासारखी शिकलेली माणसं राजकारणात यायला पाहिजेत.’ मला बरं वाटलं. नंतर कळलं, तो हे सगळ्यांनाच म्हणतो.

तुमचा,
जिनेश


शिंदखेडा,
२३ जुलै २०२५

चि. जिनेश,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकीने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. सेक्रेटरी म्हणजे कलेक्टरच्या खालचा की वरचा, असं ती विचारत होती. मी म्हटलं, सगळ्यांच्या खालचा.

तू सगळ्यांना हो म्हणालास हे वाचून मला हसू आलं आणि मग आलं नाही. मीही आयुष्यभर तेच केलं. प्रत्येक पक्षाला वर्गणी दिली, एकाचाही झेंडा दुकानावर लावला नाही. लोक म्हणायचे, चंपालाल शेठ मोठा धोरणी. धोरण कसलं! दुकानदाराला गिऱ्हाईक असतं, पक्ष नसतो. पण इथे ते खपून गेलं, कारण इथे कुणाच्या घरी चूल पेटली नाही तर मला दुपारपर्यंत कळतं, आणि कळलं की गप्प बसता येत नाही. तुमच्याकडे भिंतीपलीकडचं कसं कळतं, हे मला एकदा लिही.

नियमाबद्दल तू तिरकस लिहिलं आहेस, ते समजलं. अरे, सामायिकाला बसलो तरी माझा कान मोबाइलच्या घंटीकडे असायचा. या वयात मनाला कुंपण नाही घालायचं तर कधी?

आता काम. आपल्या सुकलालला तू ओळखतोस. बोराडीच्याही पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला राहतो, तीस वर्षं डिंक आणि चारोळी आपल्याच दुकानात आणतो. लहानपणी तुला खांद्यावर बसवून बाजार दाखवायचा. यंदा पाऊस लांबला, म्हणून त्याचा मुलगा भुरा आणि सून जमना पुण्याला बांधकामावर गेले आहेत. भुराने जी जागा सांगितली त्यावरून ती तुमच्या सोसायटीच्या पाठीमागेच आहे. जमनाला दिवस गेलेत, भाद्रपदात मोकळी होईल. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. सुकलाल माझ्यापुढे येऊन बसला आणि म्हणाला, ‘शेठ, तठे आम्हनं कोनी नही. तुम्हना जिनेशभाऊ शे, एवढंच माले माहीत शे.’

मी त्याला शब्द दिला, की बाळंतपण सुखरूप होईल. मला गाव सोडता येत नाही, तेव्हा माझा शब्द आता तुझ्याकडे आहे.

चंपालाल


पुणे,
२ ऑगस्ट २०२५

पूज्य काकासा,
जय जिनेंद्र.

भुरा भेटला. आमच्या मागच्या भिंतीला लागूनच पत्र्याच्या खोल्या आहेत. तिथे मी राहायला आल्यापासून गेलो नव्हतो. भुराचा चेहरा थेट सुकलालकाकांचा. जमना मला बघून पदर ओढून आत गेली. दुसऱ्या दिवशी तुमच्या सूनबाईने, रिद्धीने, तिला सरकारी दवाखान्यात नेऊन नाव नोंदवलं. डॉक्टर म्हणाले, बाळ ठीक आहे, पण आधीचं मूल गेलंय तेव्हा कळा सुरू झाल्या की घरी थांबू नका, लगेच आणा.

लगेच कसं आणायचं, ही अडचण आहे. त्या वस्तीतून मोठ्या रस्त्याला यायला दोन वाटा. एक नाल्याच्या कडेने. पावसात तिथल्या फरशीवरून पाणी वाहतं, रिक्षावाले येत नाहीत. दुसरी आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटमधून, सरळ. सगळे मजूर तिथूनच ये-जा करतात. आता झालं असं, की सोसायटीतून दोन सायकली गेल्या. कुणी नेल्या कुणालाही माहीत नाही. पण मागचं गेट कायमचं बंद करा असा ठराव आला.

मी भुराला हे सांगितलं. तो रागावला नाही, त्याने तक्रारही केली नाही. म्हणाला, ‘जिनेशभाऊ, आम्हले तुम्हनी सोसायटी नही जोयजे. नुसती वाट जोयजे.’

सभेत मी बोललो, काकासा. म्हणालो, दोन्ही बाजूंत तथ्य आहे. रहिवाशांची भीती खरी आणि मजुरांची गरजही खरी. आपल्याला अनेकांतच शिकवलाय ना, की एकाच गोष्टीला अनेक बाजू असतात? लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ठराव मंजूर केला. ‘जिनेशजी किती संतुलित बोलतात,’ असं चेअरमन नंतर म्हणाले.

तुम्ही विचारलंत, भिंतीपलीकडचं कसं कळतं. कळत नाही. आणि मला आता वाटायला लागलंय, की न कळण्यासाठीच लोक इथे एवढं कर्ज काढून घर घेतात.

तुमचा,
जिनेश


शिंदखेडा,
११ ऑगस्ट २०२५

चि. जिनेश,
आशीर्वाद.

अनेकांताचा हा नवा अर्थ महासतीजींना सांगावा की नाही, याचा मी विचार करतोय. वयस्कर आहेत, धक्का बसेल. अरे शहाण्या, गोष्टीतले ते आंधळे निदान हत्तीला हात तरी लावत होते. तू तर लांबूनच सांगून मोकळा झालास, की हत्तीला बऱ्याच बाजू आहेत! सगळ्या बाजू बघायच्या त्या नीट ठरवता यावं म्हणून. ठरवायचं टळावं म्हणून नाही.

तुझी पंचाईत मला कळते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पण एक सांग, तुला सेक्रेटरी व्हायला कुणी हात धरून बोलावलं होतं? झालास ना? मग गेट उघड. लोक ओरडतील. ओरडू देत. इथे पाण्याच्या टाकीच्या वादात मी एक बाजू धरली, तेव्हा माझ्या दुकानावर महिनाभर कुणी चढलं नव्हतं. नंतर आले. माणसाला साखर कुठूनतरी घ्यावीच लागते.

भुराला माझा नंबर पाठ आहे. जाताना त्याला बजावलं आहे, की कुठे अडलास तर फोन कर. श्रेयांस घेईल. मी चिडलो आहे असं समजू नकोस. चिडलोच आहे, पण तुझ्यापेक्षा माझ्यावर जास्त. इथे बसून शब्द देणं सोपं होतं.

आठवड्यात पर्युषण बसतील. मन शांत ठेव आणि गेट उघडं ठेव.

चंपालाल


पुणे,
३० ऑगस्ट २०२५

पूज्य काकासा आणि काकीसा,

सरत्या वर्षात माझ्या बोलण्याने, वागण्याने तुमचं मन दुखावलं असेल, तर हात जोडून मिच्छामि दुक्कडम. दर संवत्सरीला मी हे एका बटणावर सगळ्या नंबरांना पाठवतो. यंदा तुमच्यासाठी पेनाने लिहिलं आणि अडलो. हाताने लिहायचं म्हटलं की कुणाचं काय दुखावलं ते आठवावं लागतं.

गेटचं सांगतो. तुम्ही रागवाल, पण आधी पूर्ण वाचा. गेट बंद झालं, मी मधला मार्ग काढला. किल्ली मागच्या वॉचमनकडे राहील आणि आणीबाणीच्या वेळी सेक्रेटरीच्या परवानगीने तो गेट उघडेल. गेल्या आठवड्यात एका मजुराच्या पायात सळई घुसली. वॉचमनने ऑफिसात मला फोन केला, मी लगेच उघडायला सांगितलं. त्यावरून केवढा गदारोळ! सेक्रेटरी मनमानी करतो, आज पाय, उद्या ताप, मग ठराव केला कशाला? शेवटी ठरलं, की यापुढे कमिटीच्या तिघांनी ग्रुपवर होकार द्यायचा, मगच गेट उघडायचं. आधीचा वॉचमन एरवी न विचारताही उघडायचा, त्याला काढलं. नवा आलाय तोताराम, तोही आपल्या चोपड्याकडचा, भला माणूस, पण नोकरीला घाबरून असतो.

इथे कुणीही वाईट नाही, काकासा. हे तुम्हाला पटणार नाही. चेअरमन निवृत्त मुख्याध्यापक आहेत, गोशाळेला दरमहा पैसे पाठवतात. ज्यांनी सगळ्यात जास्त आरडाओरडा केला त्या बाई कोविडमध्ये घरोघर डबे देत होत्या. ही माणसं एकेकटी भेटली तर जमनाला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेतील. पण हीच माणसं एका सभेत बसली की असं काही ठरवतात, जे त्यांच्यातल्या एकालाही एकट्याने ठरवता आलं नसतं. गावात माणूस नाही म्हणतो तेव्हा त्याचं तोंड दिसतं. इथे तोंड कुणाचं बघायचं?

मी राजीनामा द्यायचा विचार केला होता. मग वाटलं, मी गेलो तर ही आणीबाणीची सवलतही जाईल. म्हणून राहिलो. जमना बरी आहे. रिद्धी तिच्याकडे एक दिवसाआड जाते, नाल्याकडून, चिखलातून.

तुमचा,
जिनेश


पुणे,
१८ सप्टेंबर २०२५

पूज्य काकासा,

श्रेयांसकडून तुम्हाला कळलंच असेल. जमनाचं बाळ राहिलं नाही. मुलगा होता.

दुपारी कळा सुरू झाल्या. पाऊस खूप होता, नाल्याच्या फरशीवरून पाणी वाहत होतं. ॲम्ब्युलन्स सोसायटीच्या पुढच्या गेटने आली. मागचं गेट उघडायला थोडा उशीर झाला, पण उघडलं गेलं. दवाखान्यात सगळे प्रयत्न झाले. नाळ गळ्याभोवती होती, अशा वेळी काही सांगता येत नाही असं तिथे म्हणाले. जमना बरी आहे. भुरा तिला घेऊन गावी गेला.

सोसायटीने त्यांच्यासाठी मदत गोळा केली. भुराने घेतली नाही. तो इच्छुक उमेदवार येऊन गेला, त्याने सगळ्यांसमोर मागचं गेट पूर्ण उघडायला लावलं आणि फोटो काढला.

मी ठीक आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

जिनेश


शिंदखेडा,
२६ सप्टेंबर २०२५

जिनेश,

श्रेयांसने सांगितलं होतं. तुझ्या पत्राची वाट बघत होतो.

ते आलं आणि त्यात मला माणूसच सापडला नाही. उशीर झाला, गेट उघडलं गेलं, प्रयत्न झाले. सगळं आपोआप झालेलं दिसतं. किल्ली तोतारामकडे होती आणि परवानगी आणायचं काम तुझ्याकडे. मग उशीर कुणी केला?

काकी दोन दिवस जेवली नाही. मला खरं लिही, जसं झालं तसं.

चंपालाल


पुणे,
७ ऑक्टोबर २०२५

काकासा,

लिहितो.

मी ऑफिसात होतो. तोतारामचा फोन आला. म्हणाला, साहेब, गेटच्या पलीकडे ती बाई बसली आहे, तिच्याने उभं राहवत नाही. ॲम्ब्युलन्सची माणसं स्ट्रेचर घेऊन गेटच्या अलीकडे आली आहेत. उघडू का?

मी उघड म्हणायला पाहिजे होतं. एक शब्द होता. मी म्हणालो, ‘थांब, विचारतो.’

मी ग्रुपवर लिहिलं, ‘तातडीची गरज आहे, मागचं गेट उघडण्यास मंजुरी द्यावी.’ एकाने अंगठा दाखवला. चेअरमननी लिहिलं, ‘कृपया तपशील द्यावा.’ मी तपशील दिला. कुणीतरी लिहिलं, ॲम्ब्युलन्स नाल्याकडून का जात नाही? कुणीतरी लिहिलं, नियम सर्वांना सारखा असावा. एका काकांनी चुकून फुलांचं चित्र आणि ‘शुभ दुपार’ पाठवलं. मग दुसरा अंगठा आला. मी तिसऱ्या अंगठ्याची वाट बघत बसलो, काकासा. मोबाइल हातात धरून, एसीत. मधेच तोतारामचा पुन्हा फोन आला, तर मी चिडून म्हणालो, ‘अरे, प्रोसेस चालू आहे.’

मागच्या वेळी मला सगळ्यांसमोर मनमानी करणारा म्हटलं होतं, ते डोक्यात होतं. पुन्हा तसं ऐकून घ्यायचं नव्हतं. खरं कारण एवढंच आहे, बाकी मी स्वतःला जी सांगितली ती सगळी खोटी.

गेट उघडलं रिद्धीने. ती बाजारातून येत होती, मागे गर्दी दिसली म्हणून गेली. गजांच्या अलीकडे स्ट्रेचर, पलीकडे चिखलात जमना. तिने तोतारामपुढे हात केला, त्याने लगेच किल्ली दिली. तो म्हणाला, मॅडम, मी कुणीतरी मागायचीच वाट बघत होतो. रिद्धी ग्रुपवर नाहीच, कधीच बाहेर पडली होती. तिला कुणाची परवानगी लागते हेच माहीत नव्हतं. कुलूप निघायला किती वेळ लागला असेल?

आधीच्या पत्रात मी डॉक्टरांचं अर्धंच लिहिलं. ‘काही सांगता येत नाही’ असं ते म्हणाले, आणि पुढे म्हणाले, ‘लवकर आणलं असतं तर निदान प्रयत्न करायला वेळ मिळाला असता.’ रिद्धी माझ्याशी कामापुरतं बोलते. माझा राजीनामा कमिटीने ‘सध्या निवडणूक तोंडावर आहे’ म्हणून मंजूर केला नाही. राजीनाम्यालाही इथे तीन अंगठे लागतात. गेट आता दिवसभर उघडं असतं. बांधकाम पुढच्या टप्प्याला गेलं, मजुरांना दुसरीकडे हलवलं. लोक त्या वाटेने सकाळी फिरायला जातात. मस्त रस्ता आहे, असं म्हणतात.

एक विचारायचं आहे. रागावू नका. जाताना भुरा म्हणाला, गेटवर उभं असताना त्याने तुम्हाला फोन केला होता. त्याच्याच शब्दांत, ‘बठ्ठासले इचारत बसनात जिनेशभाऊ, पन शेठना शब्दपुढे ते कोनलेच इचारतस नही.’ खरं आहे ते. पत्रातलं मी टाळलं, पण तेव्हा फोनवर तुम्ही नुसतं ‘उघड’ म्हणाला असतात, तर मी कुणाला विचारलं नसतं. श्रेयांसला विचारलं तर तो म्हणतो, मी तेव्हा जेवायला घरी गेलो होतो, येऊन परत फोन लावला तोवर सगळं होऊन गेलं होतं. मग तो फोन वाजला तेव्हा दुकानात कुणीच नव्हतं का?

जिनेश


शिंदखेडा,
९ नोव्हेंबर २०२५

चि. जिनेश,

तुझ्या पत्राला महिना झाला. उत्तर द्यायला उशीर झाला नाही, मी उशीर केला.

दुकानात मी होतो. गादीवर बसलो होतो, मोबाइल गल्ल्याजवळ. वाजायला लागला तसं बघितलं, भुराचं नाव होतं. मला वाटलं, मोकळी झाली असेल, आनंदाची बातमी असेल, श्रेयांस आला की लावेल. बंद झाला आणि पुन्हा वाजला. मी नवकार म्हणायला लागलो. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी हात पुढे केला होता, जिनेश. आणि मागे घेतला. मनात काय आलं सांगू? दोन महिने पाळलं, आता एवढ्यासाठी कशाला मोडायचं. उलट मन आवरलं म्हणून मला जरा बरंच वाटलं. संध्याकाळी श्रेयांसने सांगितलं, तेव्हा मी दिवसभराच्या चुकांची क्षमा मागत प्रतिक्रमणाला बसलो होतो.

मी तुला अनेकांत शिकवत होतो. हत्तीच्या गोष्टी सांगत होतो. आता मला ती पत्रं आठवली की लाज वाटते.

तुझं पत्र आल्यावर मी महासतीजींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘चंपालालजी, नियम देताना आम्ही आगार ठेवतो. जीव वाचवायचा असेल तर सूट असते. तुम्हाला नियम देतानाही मी तो म्हटला होता, तुम्ही हात जोडून माझ्यामागे म्हणालात.’ खरंच म्हणालो होतो. साठ वर्षं अशा नियमांची पच्चक्खाणं घेतोय, दर वेळी ते शब्द तोंडाने म्हणतो. त्यांचा अर्थ मला कुणी विचारला नाही आणि मीही विचारला नाही. आपल्याकडे लोक नियम किती कडक पाळला ते सांगतात. आगार वापरला असं कुणी कौतुकाने सांगत नाही.

त्या म्हणाल्या, आताही जा, त्या माणसाला भेटा, या कामासाठी वेस ओलांडायला हरकत नाही. तरी मी गेलो नाही. पौर्णिमेपर्यंत थांबलो. तेव्हा मला अडवणारा नियम नव्हता, मला सुकलालचं तोंड बघायची भीती वाटत होती. नियमाच्या आड बसलो, जसा तू तुझ्या ठरावाच्या आड बसलास. तू शहरात बसलास आणि मी गावात, एवढाच फरक. गावात कुणाची चूल पेटली नाही तर मला कळतं, अशी मी फुशारकी मारली होती. इथे तर माझ्या हाताशी फोन वाजत होता.

पौर्णिमा झाल्यावर श्रेयांसबरोबर गाडीने बोराडीला गेलो, तिथून पुढे. सुकलालने खाट टाकली, मला बसवलं, स्वतः खाली बसला. भुरा नव्हता, उसाच्या तोडीला गेला आहे. जमना दाराशी ज्वारी पाखडत होती. तिने एकदा वर बघितलं आणि परत सुपाकडे बघायला लागली.

मग मी खाटेवरून उठलो, सुकलालपुढे खाली बसलो आणि हात जोडले. म्हणालो, ‘सुकलाल, खमतखामणा, मला क्षमा कर. भुराचा फोन आला होता. मी तिथेच होतो. मी उचलला नाही.’ तो एकदम कासावीस झाला. माझे हात धरून खाली करायला लागला. म्हणाला, ‘अरे शेठ, अशे काय करी राहिनात? उठा, वर बठा.’ मी उठलो नाही. तो माझ्याजवळ सरकला. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि तो अडखळत होता. मला वाटलं, आता विचारेल, का नाही उचलला. निदान शिवी देईल. मी त्याचीच वाट बघत होतो.

तो हळूच म्हणाला, ‘शेठ, भुराले आम्ही रागे भरनूत. तुम्हना चौमासा चालू शे हाई माहीत व्हतं त्याले. त्याना फोनमुळे तुम्हना नियम ते मोडना नही ना?’

तो मनापासून विचारत होता, जिनेश. त्याच्या डोळ्यांत काळजी होती, माझी.

मी म्हणालो, ‘नही मोडना.’

सुकलालला बरं वाटलं.

चंपालाल